प्रश्न पुरा व्हायच्या आत

माझ्या दादाला सगळं माहीत आहे. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. सगळं माहीत असलेल्या माणसाच्या शेजारी राहून बघा, म्हणजे माझं म्हणणं पटेल. आमची दारं समोरासमोर आहेत, मधे फक्त जिना. तरी सकाळी मी दात घासत असताना तिकडून कुठल्या तरी वाळवंटाचं क्षेत्रफळ ऐकू येतं. मी दातांची डॉक्टर आहे. निदान दात घासताना तरी मला शांतता हवी असते.

दादा एका विमा कंपनीत दावे तपासतो. अर्जाचं पहिलं पान वाचूनच तो दावा मंजूर होणार की नाही हे ठरवतो म्हणतात, आणि बहुतेक वेळा नाहीच होत. पण ते त्याच्या लेखी पोटापुरतं काम. खरं काम म्हणजे मुलीच्या शाळेचा क्विझचा संघ. पूर्वी या संघाला शाळेतलेच एक सर शिकवायचे. दादा मदतीला जाऊ लागला आणि त्या सरांनी बुद्धिबळाचा वर्ग मागून घेतला. तिथे कोणी बोलत नाही, हे त्यांना फार आवडलं म्हणे.

दादाची एक पद्धत आहे. त्याचं म्हणणं, क्विझमध्ये प्रश्न पूर्ण ऐकतो तो हरतो. प्रश्नाच्या पहिल्या तीन-चार शब्दांत पुढचं सगळं ओळखायचं आणि समोरचा हात उचलायच्या आत बझर दाबायचा. ‘कोणत्या शास्त्रज्ञाने पडणाऱ्या’ एवढं कानावर पडलं की न्यूटन. ‘सर्वात लहान हाड’ म्हटलं की कान. ‘पूर्ण प्रश्न ऐकून उत्तर काय, कोणीही देईल,’ असं तो ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात लोक जेवणात केस सापडल्याचं सांगतात.

सरावासाठी त्यानं जेवणाच्या टेबलावर एक घंटी आणून ठेवली. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वरून टपली मारली की टिंग वाजणारी. त्या दिवसापासून त्या घरात कोणाचंही वाक्य पूर्ण झालेलं मी ऐकलं नाही.

“अहो, फ्रीजमधलं दूध—” वहिनी म्हणायची.

टिंग. “लुई पाश्चर!”

“नासलंय.”

“पाश्चरच. नासू नये म्हणूनच त्यानं सगळं केलं ना.”

“गॅस संपत आला—”

टिंग. “प्रोपेन आणि ब्युटेन!”

मग वहिनी स्वतःच सिलिंडरसाठी फोन करायची आणि स्वतःच दूध आणायची. दादा तोवर मुलीला सांगत असायचा की बघ, दोन्ही उत्तरं किती झटपट आली.

माझी भाची नववीत आहे. वर्गात तिला ‘बझरबाई’ म्हणतात. हुशार पोर, पण या सरावानं तिला बघता बघता अशी सवय लागली की समोरच्यानं तोंड उघडलं रे उघडलं की हिचं उत्तर तयार. दुकानदारानं ‘काय’ म्हणायच्या आत ही पिशवी पुढे करायची. माझ्या दवाखान्यात येऊन बसली की पेशंटच्या आधी तीच मला सांगायची, खालची उजवी दाढ. निम्म्या वेळा वरची डावी निघायची. तोपर्यंत ती गंमत होती, मीही हसायचे.

मग एक दिवस ती रडत आली. मधल्या सुट्टीत तिची जिवाभावाची मैत्रीण तिला म्हणाली, “काल माझ्या आजोबांचं हृदय—” आणि भाचीनं झटक्यात सांगितलं, “चार कप्पे!” मैत्रीण उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली आणि त्यानंतर तिच्याशी बोलली नाही. आजोबा रात्रीच गेले होते.

हे दादाला सांगितलं, तर तो क्षणभर गंभीर झाला. मग म्हणाला, “वाईट झालं. पण उत्तर बरोबर होतं ना?”

माझा संताप संताप झाला. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि लिहून उपयोगही नाही, कारण त्यातलं एकही वाक्य त्यानं पूर्ण होऊ दिलं नाही. भाची मात्र त्या दिवसापासून बदलली. सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकू लागली. समोरचा बोलायचा थांबला तरी थोडी थांबायची, आणखी काही राहिलं असेल म्हणून. हे तिनं बाबांना कळू दिलं नाही. घरी घंटी वाजवायची, बाहेर ऐकायची.

वहिनी एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत काम करते, चांगली जुनीजाणती. एका दुपारी ती दाढ दुखते म्हणून माझ्या खुर्चीत येऊन बसली. मी तिच्या तोंडात आरसा घातला, कापूस कोंबला, थुंकी ओढायची नळी अडकवली आणि आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, “काय मग वहिनी, काय विशेष?”

तिनं ‘आं आं आं’ असं बरंच काही सांगितलं. सांगता सांगता तिचे डोळे भरले. मला वाटलं दुखतंय. मी ड्रिल बंद केलं, कापूस काढला आणि म्हटलं, “दुखतंय का?”

“दुखत नाहीये गं,” ती म्हणाली. “मला बढती मिळालीये.”

दुसऱ्या गावी रुग्णालयाची नवीन रक्तपेढी उघडणार होती. तिची प्रमुख म्हणून मोठ्या डॉक्टरांनी हिचं नाव सुचवलं होतं. दोन वर्षं तिकडे राहायचं, सुट्टीला घरी यायचं. हो की नाही, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं, नाही तर जागा दुसऱ्याला.

“मग दादा काय म्हणतो?”

“काय म्हणणार? मी ‘आमच्या रक्तपेढीत’ म्हटलं की ते ‘कार्ल लँडस्टायनर’ म्हणतात. रक्तगटांचा शोध लावणारा. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा लँडस्टायनर.”

“मग लिहून पाठव त्याला फोनवर.”

“पाठवलं. चांगलं मोठं लिहिलं. सुरुवात केली की आपल्या भागातली सर्वात मोठी रक्तपेढी आता होणार आहे. त्यांचं उत्तर आलं, ‘सर्वात मोठी कशावरून? संदर्भ दे.’ पुढचं वाचलंच नाही त्यांनी.”

मला हसू आवरेना आणि तळपायाची आगही मस्तकात गेली. म्हटलं, “सरळ सांगून टाक, मी चालले. त्यात विचारायचं काय?”

वहिनीनं तोंड धुतलं, रुमालानं पुसलं. “सांगायला काय, दारावर चिठ्ठी लावूनही सांगता येईल. पण मला तसं जायचं नाहीये. इतकी वर्षं झाली लग्नाला. मला वाटतं, त्यांनी एकदा मला विचारावं, ‘तुला जायचंय का?’ बस. मग ते हो म्हणोत, भांडोत, काहीही करोत. माणूस सगळ्या जगाची माहिती घेतो, माझीही एवढी घ्यावी.”

मी तिच्या दाढेत सिमेंट भरलं. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतं.

आणि शनिवारीच होती फायनल. आठवडाभर दादाच्या अंगात आलं होतं. वहिनीनं कधीही ‘शनिवारी’ म्हटलं की तो “हो, हो, फायनल, लक्षात आहे” म्हणायचा आणि तिच्या पाठीवर थाप मारायचा, जणू तीच स्पर्धेला बसणार होती. भाचीला आईनं सगळं सांगितलं होतं. पोरीनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “आई, तुला जायचंय का?” हे सांगताना वहिनी माझ्यासमोर दुसऱ्यांदा रडली. पोरीनं विचारलं याचा आनंद, आणि जिथून यायला हवं होतं तिथून आलं नाही याचं दुःख, असं दोन्ही होतं त्यात.

शनिवारी दवाखाना बंद ठेवून मीही गेले. सभागृहात शाळेशाळेची मुलं, त्यांचे पालक आणि पालकांचे चेहरे. मुलं मजेत होती. पालकांची मात्र बोर्डाची परीक्षा असावी तशी अवस्था. एक आई मुलाचा भांग नीट करता करता त्याला आवर्तसारणी म्हणायला लावत होती. एक वडील देवाचं नाव घ्यावं तसे ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. जवळ गेल्यावर कळलं, चलनांची नावं चालली होती.

क्विझमास्टर मखमली कोटात. दर प्रश्नाआधी कोटाच्या बाह्या नीट करायचा, पाणी प्यायचा आणि मग असा आवाज काढायचा की ‘मीठ कशाचं बनतं’ हा साधा प्रश्नही खुनाचा तपास वाटावा. सुरुवातीलाच त्यानं नियम सांगितले: चुकीच्या उत्तराला गुण वजा, आणि प्रेक्षकांतून कोणी उत्तर सांगितलं तर त्याच्या संघासाठी तो प्रश्न बाद. दादानं मान डोलावली. नियम त्याला पाठच होते.

भाचीचा जोडीदार म्हणजे ‘राजधान्या’. या मुलाला जगातल्या सगळ्या राजधान्या येतात आणि दुसरं काहीही येत नाही. एकदा पहिल्या फेरीत माणसाला किती दात असतात असं विचारलं होतं, तर तो कोणत्या देशाच्या माणसाला असं विचारून बसला. दादाच्या मते असा एक गडी संघात लागतोच. त्या दिवशी त्यानं ‘बुर्किना’ ऐकताच बझरवर झडप घालून ‘वागाडुगू’ म्हटलं आणि पुढचे सगळे प्रश्न समाधानानं छताकडे बघत काढले.

समोरच्या शाळेच्या दोन मुली होत्या, गुळगुळीत वेण्यांच्या. त्या हात मांडीवर ठेवून प्रश्न पुरा होईपर्यंत ऐकायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि मग बझर दाबायच्या. दादा मला कोपरानं ढोसून म्हणाला, “बघ, प्रश्न ऐकतायत बिचाऱ्या.”

“आणि गुण मिळवतायत.”

“हळूहळू,” दादा म्हणाला.

शेवटच्या फेरीपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत. एकच निर्णायक प्रश्न उरला. दादा पहिल्या रांगेत खुर्चीच्या अगदी टोकावर आला. त्याच्या डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला वहिनी, तिच्या मांडीवर पर्स आणि पर्समध्ये फोन. मोठ्या डॉक्टरांचा फोन कधीही येणार होता. ती स्टेजकडे बघतच नव्हती. ती दादाकडे बघत होती, आता ही स्पर्धा संपेल आणि मग बोलता येईल, अशा चेहऱ्यानं.

क्विझमास्टरनं बाह्या नीट केल्या. पाणी प्यायला.

“सूर्याला सर्वात जवळचा ग्रह...”

इथे तो थांबला. का थांबला ते त्याचं त्याला माहीत, नाटकी माणूस. दादाची बोटं गुडघ्यावर टपली मारायला लागली. भाचीचा हात बझरवर होता. तिनं तो उचलला आणि मांडीवर ठेवला. माझ्या लक्षात आलं, ती ऐकतेय. तिला प्रश्न पुरता ऐकायचा होता.

दादाच्याही लक्षात आलं. तो आधी कुजबुजला, “दाब.” मग जरा मोठ्यानं, “अगं दाब!” आणि मग त्याला राहवलंच नाही. इतकी वर्षं अंगात मुरलेली विद्या उसळून आली. दादा भर सभागृहात ताडकन उभा राहिला आणि ओरडला, “बुध!”

मागे कोणीतरी खिदळलं.

क्विझमास्टरनं ग्लास खाली ठेवला. “प्रेक्षकांतून उत्तर आलेलं आहे,” तो म्हणाला. “गृहस्थ कोणत्या संघाचे?”

राजधान्यानं छतावरची नजर काढून प्रामाणिकपणे बोट दाखवलं.

“तर या संघासाठी हा प्रश्न बाद. आता समोरच्या संघासाठी पुन्हा वाचतो. सूर्याला सर्वात जवळचा ग्रह बुध असला, तरी सर्वात जास्त तापलेला ग्रह कोणता?”

वेणीवाल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, बझर दाबला आणि म्हणाल्या, “शुक्र.”

टाळ्या झाल्या. दादा अजून उभाच होता. मला त्याची कीव यायला हवी होती, भाऊ आहे माझा सख्खा. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या होत होत्या. मग भाचीकडे बघितलं आणि त्या थांबल्या. ती समोरच्या मुलींचं अभिनंदन करायला गेली होती, हसून हात मिळवत होती, पण तिचे डोळे लाल झाले होते. शुक्र तिलाही माहीत होता.

दादा तडक क्विझमास्टरकडे गेला. प्रश्नाची रचनाच सदोष आहे, उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे, प्रश्नाच्या मधे पाणी पिण्याची काय पद्धत, असे अकलेचे तारे तोडून तो बाहेर आला तेव्हा आम्ही तिघी सभागृहाच्या पायऱ्यांवर उभ्या होतो. मुलं बसमध्ये चढत होती. वहिनीच्या पर्समधला फोन वाजायला लागला होता. तिनं तो हातात घेतला, उचलला मात्र नाही. दादाकडे वळली.

“अहो, एक मिनिट. मला तुम्हाला—”

“मला माहितीये तू काय म्हणणार आहेस,” दादा म्हणाला. “मी ओरडायला नको होतं.”

“ते नाही. मला—”

“मुलीची माफी माग, हेच ना? मागतो. घरी गेल्यावर मागतो.”

“तेही मागा. पण मी—”

“समजलं, समजलं. लोकांसमोर तुझी मान खाली गेली. हे बघ, प्रश्न जर सरळ विचारला असता ना—”

फोन वाजायचा थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. वहिनीनं एकदा त्याच्याकडे नीट बघितलं. मला त्या बघण्यात राग दिसला नाही. रांगेत फार वेळ उभं राहून खिडकी बंद झाली की माणूस जसा बघतो, तशी ती बघत होती. तिनं फोन कानाला लावला.

“हो सर,” ती म्हणाली. “हो. माझं नक्की. मी येते.”

तिनं फोन पर्समध्ये ठेवला. दादाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. तो पार गोंधळून म्हणाला, “कुठे?”

लहानपणापासून मी या माणसाला ओळखते. ज्याचं उत्तर आधी माहीत नाही असा प्रश्न त्यानं विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

वहिनीनं त्याला सांगितलं. सगळं, सावकाश, पहिल्यापासून. कोणतं गाव, काय काम, किती वर्षं, कधीपासून. तो मधे बोलला नाही. बहुतेक धक्क्यानं असेल, पण ऐकलं त्यानं. मला वाटलं, आता विचारेल. भाचीलाही तसंच वाटलं असणार, ती श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“आणि घराचं काय?” दादानं विचारलं.

वहिनी म्हणाली, ते तुम्ही आणि मी सुट्टीच्या दिवशी मिळून बघू.

“माझ्या जेवणाचं?”

ती म्हणाली, शिकाल.

“आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचं? हिचा सराव कोण घेणार, मी घरकाम करत बसलो तर?”

याचं उत्तर भाचीनं दिलं. पुढच्या वर्षी मी स्पर्धेत नाही, ती म्हणाली, आधी मला मैत्रिणीच्या घरी जायचंय. दादाला ते नीटसं कळलं नाही. तो पुन्हा वहिनीकडे वळला, आठवायला लागला, आणखी काय विचारायचं राहिलं. विम्याचे हप्ते आठवले, गावी न्यायचं सामान आठवलं, रजा किती मिळतील ते आठवलं. एकेक विचारत गेला आणि वहिनी एकेकाचं पूर्ण उत्तर देत गेली. मग त्याचे प्रश्न संपले. तो रुमालानं मान पुसायला लागला.

“बाबा,” भाची हळूच म्हणाली, “अजून एक प्रश्न राहिलाय.”

“कोणता?”

“आईला विचारायचा.”

“अगं पण कोणता?”

भाचीनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, मी ओठ दातांखाली धरले.

“मी सांगितलं तर तो बाद होईल, बाबा,” ती म्हणाली.

दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पायरीवरच उभा राहून त्यानं आठवायला सुरुवात केली. कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता. आम्ही तिघी माझ्या गाडीत जाऊन बसलो आणि काच खाली करून थांबलो. बस निघून गेली. मखमली कोट हातावर टाकून क्विझमास्टरही निघून गेला. दादा एकदा गाडीकडे दोन पावलं आला, तोंड उघडलं, आणि मान हलवून परत मागे गेला.

वहिनी त्याच्याकडे बघत बराच वेळ बसली. मग तिनं काच वर केली.

“चल, निघू या,” ती मला म्हणाली. “यांना वेळ लागेल.”